रॉथ्सचाइल्डवाल्या फॉरवर्डचा जुना लेखक: युस्टेस मलिन्स

आपल्या इतिहासाच्या एपिसोडचं हे लेखी रूप. ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावून ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना झालेली अडखळ काढून टाकली आहे, बाकी मजकूर तोच.

एक मेसेज तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर, यूट्यूब शॉर्टमध्ये, नाहीतर एखाद्या रीलवर. मागे गूढ म्युझिक, डॉलरच्या नोटेवरचा तो पिरॅमिड आणि डोळा, आणि एक भारदस्त आवाज सांगतो की जगातल्या सगळ्या सेंट्रल बँका एकाच घराण्याच्या मालकीच्या आहेत. घराण्याचं नाव रॉथ्सचाइल्ड. युद्धं तेच लावतात, मंदी तेच आणतात, अमेरिकेची फेडरल रिझर्व्हसुद्धा त्यांचीच. शेवटी एक ओळ असते की हे तुम्हाला कुठल्याही शाळेत शिकवणार नाहीत.

फॉरवर्डला लेखक नसतो असं आपण धरून चालतो. पण वाक्यं झाडाला लागत नाहीत. प्रत्येक वाक्य कधीतरी, कुणीतरी, कुठल्या तरी टेबलावर बसून लिहिलेलं असतं. रॉथ्सचाइल्ड घराण्याबद्दलच्या दंतकथा युरोपात एकोणिसाव्या शतकापासून फिरत होत्या. पण त्या अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हला चिकटवून जी गोष्ट आज आपल्या फोनवर येते, तिचा माग काढत मागे गेलं की आपण ज्या थोड्या लोकांपर्यंत पोचतो, त्यांतलं एक ठळक नाव म्हणजे युस्टेस मलिन्स.

नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. हा माणूस कधी निवडून आला नाही, कुठल्या मोठ्या वर्तमानपत्राचा संपादक झाला नाही, कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. त्याची पुस्तकं छोट्या छोट्या प्रकाशकांनी काढली. तरीही त्याची वाक्यं अमेरिकेच्या संसदेत वाचली गेली, लाखोंनी खपलेल्या पुस्तकात शिरली आणि टीव्हीवरच्या प्राइमटाइमच्या माणसापर्यंत पोचली. हे कसं झालं, हा आजचा विषय आहे.

हॉस्पिटलमधला कवी

मलिन्सचा जन्म १९२३ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या रोआनोक गावचा. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन हवाई दलात होता. युद्धानंतर त्याला लेखक व्हायचं होतं, आणि १९४९ च्या अखेरीला तो वॉशिंग्टनमधल्या सेंट एलिझाबेथ्स नावाच्या मनोरुग्णालयात एका माणसाला भेटायला जाऊ लागला. तो माणूस म्हणजे एझरा पाउंड.

पाउंडबद्दल दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. तो विसाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेतला फार मोठा माणूस होता. टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'वर संपादकाची कात्री त्यानेच चालवली. आणि हाच पाउंड युद्धाच्या काळात इटलीत बसून मुसोलिनीच्या रेडिओवरून अमेरिकेविरुद्ध आणि ज्यूंविरुद्ध भाषणं ठोकत होता. त्यासाठी त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला. खटला चालवण्याइतकी त्याची मानसिक अवस्था ठीक नाही असं ठरल्यामुळे त्याला या रुग्णालयात ठेवलं, आणि तिथे तो १९५८ पर्यंत राहिला.

त्याला भेटायला नामवंत कवी यायचे, तसे काही उजवे, वर्णद्वेषी तरुणही यायचे. मलिन्स या दुसऱ्या गटातला. मलिन्सने पुढे सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे, पाउंडने त्याला दहा डॉलरची नोट दाखवून विचारलं, फेडरल रिझर्व्हबद्दल काही ऐकलंयस का? मलिन्सने काहीच ऐकलं नव्हतं. मग पाउंडने त्याला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाऊन या बँकेचा इतिहास खणायला सांगितलं आणि त्यासाठी आठवड्याला दहा डॉलर देऊ केले. ही गोष्ट मलिन्सच्याच तोंडची आहे, त्यामुळे तिला थोडं मीठ लावून घ्या. पण एक गोष्ट नक्की: उत्तर आधी ठरलेलं होतं आणि संशोधन नंतर सुरू झालं. पाउंडच्या डोक्यात 'व्याजखोर ज्यू' हे उत्तर कित्येक वर्षांपासून पक्कं होतं.

बेटावरची गुप्त मीटिंग: खरी गोष्ट

आता इथे थांबून आपण प्रामाणिक राहायला हवं. मलिन्सच्या पुस्तकात सगळंच खोटं होतं असं म्हटलं की विषय सोपा होतो, पण तसं नाही.

१९०७ मध्ये अमेरिकेत मोठं बँकिंग संकट आलं. लोक रांगा लावून ठेवी काढायला लागले. तेव्हा अमेरिकेकडे आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी मध्यवर्ती बँकच नव्हती. शेवटी जे. पी. मॉर्गन या एका खासगी बँकरने इतर बँकरांना गोळा करून पैसा उभा केला आणि संकट थोपवलं. एक म्हातारा बँकर देशाची अर्थव्यवस्था वाचवतो हे काही बरं लक्षण नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळलं.

मग नोव्हेंबर १९१० मध्ये सिनेटर नेल्सन ऑल्ड्रिच काही जणांना घेऊन जॉर्जिया राज्यातल्या जेकिल बेटावर गेला. सोबत ट्रेझरीतला अधिकारी ए. पायट अँड्र्यू, नॅशनल सिटी बँकेचा फ्रँक व्हँडरलिप, मॉर्गनचा भागीदार हेन्री डेव्हिसन आणि पॉल वॉरबर्ग. खासगी रेल्वे डब्यातून प्रवास, बाहेर सांगायला बदकांच्या शिकारीचं निमित्त, एकमेकांना आडनावाने हाक मारायची नाही असा नियम. अगदी सिनेमासारखं! तिथे त्यांनी मध्यवर्ती बँकेचा आराखडा तयार केला. तो आराखडा जसाच्या तसा संसदेत पास झाला नाही. पण त्यातल्या बऱ्याच तांत्रिक कल्पना नंतरच्या कायद्यात आल्या, आणि २३ डिसेंबर १९१३ ला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनने फेडरल रिझर्व्ह कायद्यावर सही केली.

म्हणजे गुप्त मीटिंग झाली होती. बँकरांनीच बँकांचे नियम लिहायला घेतले होते. यावर संताप येणं साहजिक आहे. पण हे मलिन्सने उघडकीला आणलेलं नाही. पत्रकार बी. सी. फोर्ब्सने १९१६ मध्येच याबद्दल लिहिलं होतं. खुद्द व्हँडरलिपने १९३५ मध्ये एका खपाच्या साप्ताहिकात सगळी हकीकत स्वतःच्या नावाने छापली. मलिन्स लायब्ररीत पोचला तोवर हे 'रहस्य' कपाटात उघडं पडलेलं होतं.

त्याने त्यात काय घातलं

मलिन्सने केलं ते असं. बेटावर गेलेल्या त्या मंडळींमध्ये ज्यू होता एकच, वॉरबर्ग. तो जर्मनीतून आलेला, बँकिंग घराण्यातला. ऑल्ड्रिच, व्हँडरलिप, डेव्हिसन, पडद्यामागचा मॉर्गन, हे सगळे ख्रिश्चन अमेरिकन. पण मलिन्सच्या गोष्टीत मध्यभागी येतो वॉरबर्ग, वॉरबर्गमधून दोरी जाते युरोपातल्या बँकरांकडे, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती लंडनच्या रॉथ्सचाइल्डपर्यंत ताणली जाते. श्रीमंत बँकरांनी आपल्या फायद्याची व्यवस्था उभी केली, या तक्रारीचं रूपांतर 'एका परक्या जमातीने देश विकत घेतला' या आरोपात होतं. पुरावा पहिल्या वाक्याचा, निष्कर्ष मात्र दुसऱ्या वाक्याचा.

मालकीचा मुद्दाही बघून घेऊ, कारण रीलमध्ये तो हमखास असतो. फेडरल रिझर्व्हच्या बारा प्रादेशिक बँका आहेत, आणि त्यांचे 'शेअर' सदस्य बँकांकडे असतात हे खरं आहे. पण हे आपल्या डिमॅट खात्यातले शेअर नव्हेत. सदस्य व्हायचं तर बँकेला ते घ्यावेच लागतात. ते बाजारात विकता येत नाहीत, गहाण ठेवता येत नाहीत, आणि त्यावरच्या लाभांशाला कायद्याने मर्यादा आहे. वर बसलेल्या सात गव्हर्नरांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो आणि सिनेट तिला मंजुरी देतं. खर्च आणि लाभांश जाऊन उरलेला नफा सरकारी तिजोरीत जमा होतो. २०२१ या एका वर्षात ही रक्कम १०० अब्ज डॉलरच्या वर होती. एखादं घराणं खरंच मालक असेल, तर नफा सरकारला देऊन टाकणारं ते जगातलं सर्वांत भोळं घराणं म्हणावं लागेल.

१९५२: एकाच वर्षात दोन चेहरे

मलिन्सचं फेडवरचं पहिलं पुस्तक १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालं. प्रकाशकांपैकी एक होता जॉन कॅस्पर, हाही पाउंडचा भक्त. हा कॅस्पर लक्षात ठेवा. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, टेनेसी राज्यातल्या क्लिंटन गावच्या हायस्कूलमध्ये बारा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा तिथे जाऊन जमावाला चिथावणारा मुख्य माणूस हाच. गावात शांतता आणायला नॅशनल गार्ड बोलवावं लागलं.

त्याच १९५२ मध्ये मलिन्सचा आणखी एक मजकूर छापून आला, नॅशनल रेनेसाँ पार्टी या उघड नाझीवादी गटाच्या पत्रिकेत. विषय होता हिटलरचं कौतुक. शीर्षकातच ते होतं, वाचकाला अंदाज बांधायची गरज नव्हती. युद्ध संपून फक्त सात वर्षं झाली होती. साठ लाख ज्यूंचा खून जगाला माहीत झाला होता, न्यूरेंबर्गचे खटले होऊन गेले होते. हे सगळं माहीत असताना लिहिलेला तो मजकूर आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली त्याची नोकरी त्याच वर्षी गेली. १९५४ मध्ये अमेरिकन संसदेच्या एका समितीने द्वेष पसरवणाऱ्या संघटनांवर प्राथमिक अहवाल काढला, त्यात हा गट होता आणि 'कॉमन सेन्स' नावाचं न्यू जर्सीतलं एक ज्यूद्वेषी पत्रही होतं. मलिन्सच्या फेडवरच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती काढली ती याच 'कॉमन सेन्स'वाल्यांनी.

म्हणजे एकाच लेखकाची दोन दुकानं. एका दुकानाच्या पाटीवर 'बँकिंगचा लपवलेला इतिहास', दुसऱ्याच्या पाटीवर 'हिटलर'. पहिल्या दुकानात येणाऱ्याला दुसरं दुकान दिसत नाही, पण दोन्हीकडचा माल एकाच गोदामातून येतो.

खोटं वाक्य संसदेत

आता या करिअरमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग.

१९५७ मध्ये अमेरिकन संसदेत नागरी हक्क विधेयकावर चर्चा चालू होती. कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क प्रत्यक्षात वापरता यावा यासाठीचा तो कायदा. मिसिसिपीचा खासदार थॉमस अ‍ॅबरनेथी विरोधात बोलायला उभा राहिला आणि त्याने एक उतारा वाचला. उताऱ्याचा लेखक म्हणे इस्रायल कोहेन नावाचा ब्रिटिश कम्युनिस्ट. पुस्तक म्हणे १९१२ चं, विसाव्या शतकासाठीच्या 'वांशिक कार्यक्रमा'बद्दल. उताऱ्याचा सारांश असा की काळ्या लोकांना गोऱ्यांविरुद्ध भडकवून अमेरिका आतून पोखरायची. खासदाराचं म्हणणं, बघा, हे नागरी हक्क वगैरे म्हणजे त्याच जुन्या कटाचा भाग आहे.

असं पुस्तक अस्तित्वातच नव्हतं. लंडनला इस्रायल कोहेन नावाचा एक लेखक खरोखर होता, पण तो झायनिस्ट चळवळीतला, कम्युनिस्ट नव्हे, आणि असं काही त्याने लिहिलेलं नाही. सगळ्यात गंमत तारखेची. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला १९२० मध्ये. १९१२ चा 'ब्रिटिश कम्युनिस्ट नेता' म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारातला पोस्टमास्तर! हा उतारा आला कुठून याचा शोध घेतला गेला तेव्हा माग मलिन्सपाशी पोचला. त्याचं उत्तर होतं की लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एका झायनिस्ट प्रकाशनात आपल्याला तो सापडला. ते प्रकाशन कुणालाच सापडलं नाही.

पण तोवर काय झालं होतं बघा. उतारा संसदेच्या अधिकृत कामकाजात छापला गेला होता. त्यानंतर तो पुढे ढकलणाऱ्याला मलिन्सचं नाव घ्यायची गरजच उरली नाही. संदर्भ विचारला तर उत्तर तयार: 'अमेरिकन काँग्रेसचं रेकॉर्ड.' आणि हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरंही होतं.

मी दिवसा कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. आम्ही प्रोजेक्टमध्ये एक पॅकेज घेतो. ते पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून असतं, ते तिसऱ्यावर. चौथ्या थरात कुणा अनोळखी माणसाने काय लिहून ठेवलंय हे कुणी उघडून बघत नाही, कारण वरच्या थरावर विश्वास असतो. तळटीपांचंही तसंच आहे. वाचक पुस्तकावर विश्वास ठेवतो, पुस्तक रेकॉर्डवर, रेकॉर्ड भाषणावर, आणि सगळ्यात खाली मलिन्स बसलेला असतो.

लेबल बदलत राहिलं

पुढची पन्नास वर्षं मलिन्स लिहीतच राहिला. बराच काळ तो व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावात राहायचा. १९६१ मध्ये त्याने पाउंडचं चरित्र लिहिलं. १९६८ मध्ये त्याने ज्यूंना परोपजीवी जीव ठरवणारं एक पुस्तक काढलं, जीवशास्त्राचे शब्द वापरून. ही भाषा नवी नव्हती. माणसांना आधी जंतू म्हणायचं आणि मग 'स्वच्छता' करायची, हे नाझींनी करून दाखवलं होतं.

पण १९८३ मध्ये फेडवरचं पुस्तक नव्या नावाने, 'सीक्रेट्स ऑफ द फेडरल रिझर्व्ह' म्हणून बाजारात आलं, तेव्हा त्याचा सूर वेगळा होता. आता त्यात तक्ते होते, कंपन्यांच्या संचालकांची नावं होती, लंडनचं कनेक्शन होतं. 'ज्यू' ऐवजी 'आंतरराष्ट्रीय बँकर', 'लंडन', 'रॉथ्सचाइल्ड' असे शब्द पुढे आले. ज्याला खुणा कळतात त्याला कळतात, ज्याला कळत नाहीत त्याला हे अर्थशास्त्राचं पुस्तक वाटतं. १९८८ मध्ये त्याने डॉक्टर, औषध कंपन्या आणि लसींवर असंच पुस्तक लिहिलं, 'मर्डर बाय इंजेक्शन'. विषय बदलला तरी आराखडा तोच. खरा राग कशाचा आहे ते हेरायचं, औषधांच्या किमतीचा, बँकेच्या हप्त्याचा, सरकारच्या बेफिकिरीचा, आणि त्या रागाला शेवटी एकाच दारात नेऊन उभं करायचं.

मग आलं १९९१. पॅट रॉबर्टसन हे अमेरिकेतलं फार मोठं नाव. टीव्हीवरचा ख्रिस्ती धर्मोपदेशक, १९८८ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितलेला, मतदारांची मोठी संघटना हाताशी असलेला. त्याचं 'द न्यू वर्ल्ड ऑर्डर' हे पुस्तक बेस्टसेलर ठरलं. चार वर्षांनी, १९९५ मध्ये, 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये मायकेल लिंडने आणि मग जेकब हाइलब्रुनने दाखवून दिलं की या पुस्तकातला बँकिंगवरचा मजकूर कुठून आलाय. परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून. उगम दोन: ब्रिटनमधली ज्यूद्वेषी लेखिका नेस्टा वेब्स्टर आणि आपला युस्टेस मलिन्स. रॉबर्टसनचं उत्तर होतं की मी ज्यूद्वेषी नाही, मी तर इस्रायलचा समर्थक आहे. इस्रायलला त्याचा पाठिंबा होता हे खरंच आहे. आणि तरीही मलिन्सचा माल त्याच्या पुस्तकातून घराघरात गेला. मूळ मजकुरात जिथे ज्यूंचा रोख होता, तिथे रॉबर्टसनकडे 'युरोपियन बँकर' होते. लेबल गळून पडलं होतं, बाटलीतलं औषध तेच होतं.

मलिन्स फेब्रुवारी २०१० मध्ये टेक्सासमध्ये वारला, ८६ व्या वर्षी. त्याच वर्षी फॉक्स न्यूजवर ग्लेन बेकने आपल्या कार्यक्रमात फेडबद्दल बोलताना मलिन्सच्या पुस्तकाचा हवाला दिला. १९५२ मध्ये ज्याला नोकरीवरून काढलं, त्याचं पुस्तक तो गेल्यानंतर काही महिन्यांत देशातल्या मोठ्या न्यूज चॅनेलवर संदर्भ म्हणून आलं. हेच त्याच्या करिअरचं यश. त्याला स्वतःला कधी मोठं व्हावं लागलं नाही. त्याची वाक्यं दुसऱ्यांच्या नावावर मोठी झाली.

मग फेडवर टीका करायचीच नाही का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणार हे मला माहीत आहे, म्हणून आत्ताच बोलतो. करायची, जोरात करायची.

१९६३ मध्ये मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या पैशाचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आकडेवारीसकट लिहिला. त्यांचा आरोप मलिन्सपेक्षा कमी गंभीर नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की १९२९ नंतरची महामंदी इतकी भयंकर झाली त्याला फेडरल रिझर्व्हच जबाबदार आहे, कारण बँका पटापट कोसळत असताना आणि बाजारातला पैसा आटत असताना ती हातावर हात धरून बसली. याचं पुढे काय झालं? २००२ मध्ये फ्रीडमनच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात बेन बर्नान्की, जो तेव्हा फेडचा गव्हर्नर होता, त्याने जाहीरपणे चूक मान्य केली आणि ती पुन्हा होऊ देणार नाही असं सांगितलं. सहा वर्षांनी २००८ चं संकट आलं तेव्हा फेडचा अध्यक्ष बर्नान्कीच होता आणि या वेळी फेड हातावर हात धरून बसली नाही. तेव्हा तिने जे केलं त्यावरही टीका झाली, अजून होते.

फ्रीडमन, श्वार्ट्झ आणि बर्नान्की, तिघंही ज्यू कुटुंबात जन्मलेले. 'सगळे ज्यू मिळून एक कट' या गोष्टीत त्यांना कुठे बसवणार? एकाने दुसऱ्याच्या संस्थेला जगासमोर दोषी ठरवलंय आणि दुसरा मान खाली घालून ऐकतोय.

फरक इथे आहे. फ्रीडमन आणि श्वार्ट्झ यांची टीका तपासता येते. चुकली असेल तर दाखवता येते, बरोबर असेल तर संस्था सुधारते. मलिन्सच्या गोष्टीत पुरावा नसणं हाच कटाचा पुरावा असतो. अशा टीकेने एकही बँक बदलली नाही, एकाही माणसाचा हप्ता कमी झाला नाही. मॉर्गन आणि ऑल्ड्रिचसारख्यांना तर ती सोयीचीच, कारण सगळा राग एका अल्पसंख्याक समाजाच्या अंगावर जातो आणि खऱ्या टेबलावर कोण बसलं होतं हे विसरलं जातं.

आणि तो राग नुसता कागदावर राहत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शिरून एका माणसाने ११ जणांना गोळ्या घातल्या. त्याच्या डोक्यात होतं की ज्यू संघटना बाहेरच्या लोकांना देशात आणून गोऱ्यांचा नाश करत आहेत. त्याने मलिन्स वाचला होता असं मी म्हणत नाही. पण ज्यू इतरांचा वापर करून गोरी अमेरिका पोखरतात, ही कल्पना आठवते का? १९५७ मध्ये संसदेत वाचलेल्या त्या बनावट उताऱ्यात हीच तर होती.

आपल्या भाषेतले ज्यू

आपण हे मराठीत ऐकतोय म्हणून शेवटी एक गोष्ट. हे फॉरवर्ड आता मराठीतही येतात, आणि 'ज्यू' म्हणजे लंडन-न्यूयॉर्कमधला जाडजूड बँकर असं चित्र मराठी डोक्यात बसवतात. पण मराठीला ज्यू माहीत आहेत ते या रील येण्याच्या कितीतरी आधीपासून. कोकणातले बेने इस्रायली. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज अलिबागजवळच्या नवगावपाशी फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं बघा: पेणकर, चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल दिवेकर याच समाजातले. बायबलमधल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं करणारा हा समाज. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले आणि तिथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

मलिन्सच्या तक्त्यात पेणकर आणि चेऊलकर बसत नाहीत. कुठलाही समाज जवळून बघितला की तो तक्त्यात बसत नाहीच. म्हणूनच अशी गोष्ट खपवायला समाज लांबचा, न पाहिलेला असावा लागतो.

तर पुढच्या वेळी असा मेसेज आला तर तीन गोष्टी करा. एक, तारखा जुळवा. १९१२ आणि १९२० सारखी एक विसंगती सगळा डोलारा पाडते. दोन, संदर्भाचा संदर्भ विचारा. 'काँग्रेस रेकॉर्डमध्ये आहे' यावर थांबू नका, तिथे कुणी आणि कशावरून आणलं ते बघा. तीन, मेसेजमध्ये 'बँकर' किंवा 'घराणं' असा शब्द असेल तर बघा की बेटावर गेलेल्या सगळ्यांची नावं त्यात आहेत, की फक्त एकाचं. एकाचंच असेल, तर तो मेसेज बँकेबद्दल नाहीये.

आणि ज्या काकांनी तो पाठवलाय त्यांना ग्रुपवर सगळ्यांसमोर झापू नका. त्यांना बँकेचा राग आहे, तो बऱ्याचदा खरा असतो. त्यांना जेकिल बेटाची पूर्ण गोष्ट सांगा. ती तशीही जास्त मजेदार आहे.

आजच्यासाठी इतकंच. शंका, दुरुस्त्या, भांडणं, सगळं कमेंटमध्ये चालेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.